फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे गुडघे, घोटे आणि टाचा

बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा कुठलाही फुटबॉल संघ घ्या. सगळ्यांना खाली बसवा आणि गुडघ्याच्या वाटीखाली, नडगी जिथं सुरू होते तिथल्या उंचवट्यावर अंगठ्यानं दाबायला सांगा. एक-दोघं तरी "आई गं" म्हणतील. एखाद्याच्या तिथं कडक टेंगूळही आलेलं दिसेल. घरी त्यानं हे सांगून झालेलं असतं आणि घरच्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: वाढीचं वय आहे, दुखायचंच.

यातलं "वाढीचं वय" बरोबर आहे, "दुखायचंच" मात्र नाही. मुलांच्या फुटबॉलमधल्या सगळ्याच दुखापती धडकेनं किंवा समोरच्याच्या लाथेनं होत नाहीत. बऱ्याचशा वाढणाऱ्या हाडांवर पडणाऱ्या ताणामुळे होतात, किंवा पळता पळता वळताना, थांबताना, उडी मारून खाली येताना पाय चुकीचा पडल्यामुळे. या दोन्ही प्रकारच्या दुखापती बऱ्याच प्रमाणात टाळता येतात. त्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत, वेळ लागतो. आणि मैदान तासाभरासाठीच मिळत असलं की सगळ्यात आधी कात्री याच वेळेला लागते.

वाढणारं हाड

लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडाची लांबी तिथं वाढते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. वाढ पुरी झाली की ही चकती हाडात मिसळून जाते. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी होतं. तोवर सांध्याजवळची सगळ्यात कच्ची जागा तीच असते. ज्या झटक्यानं मोठ्या माणसाचा नुसता लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ताणला जाईल, त्याच झटक्यानं मुलाची ग्रोथ प्लेट सरकू शकते. हाडाचा मधला भागही अजून लवचिक असतो. ओली फांदी वाकवली की एका बाजूनं तडकते आणि दुसऱ्या बाजूनं धरून राहते, तसंच लहान मुलाच्या हाताचं हाड पडल्यावर होतं. डॉक्टर त्या फ्रॅक्चरला ओल्या फांदीचंच नाव देतात.

फुटबॉलमध्ये जास्त त्रास देते ती दुसरी एक जागा. मांडीचा किंवा पोटरीचा मोठा स्नायू टेंडनमार्फत हाडाला चिकटतो, तिथंही वाढीच्या वयात कूर्चाच असते. मुलांची उंची साधारण चौदाव्या आणि मुलींची बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढते. मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. मधल्या काळात स्नायू कायम ताणलेला राहतो आणि प्रत्येक किक, प्रत्येक उडी, प्रत्येक धाव त्या कच्च्या जागेवर ओढ देते. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या मुलाचं शरीर ही ओढ सहन करून भरून काढतं. सहा दिवस खेळणाऱ्याला भरून काढायला वेळच मिळत नाही.

गुडघ्याखालच्या त्या टेंगळाचं नाव ऑसगुड-श्लॅटर. बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लॅटर या दोघांनी १९०३ मध्ये, एकमेकांशी संबंध नसताना, त्याचं वर्णन केलं. टाचेत हाच प्रकार झाला तर त्याला सेव्हर म्हणतात. तो थोडा आधी, आठ ते तेरा वर्षांच्या मुलांत दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. मुलाची टाच दोन्ही बाजूंनी, डावी-उजवीकडून, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून दाबा. सेव्हर असेल तर मूल पाय मागे ओढून घेतं. असं मूल सकाळी व्यवस्थित असतं आणि मॅच संपल्यावर चवड्यांवर चालत घरी येतं. तळाला टोकं असलेले नवीन फुटबॉल बूट, म्हणजे स्टड, घातले की दुखणं वाढतं.

दोन्ही त्रास वाढ पुरी होताना बहुधा आपोआप थांबतात. त्यासाठी मुलाला सहा महिने घरी बसवायची गरज नसते, आणि दुखणं दाबून सगळ्या मॅच खेळवायचीही नसते. फिजिओथेरपिस्ट सहसा एक व्यवहारी मोजमाप देतात. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगा. दोन-तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं असेल तर खेळ चालू ठेवायला हरकत नाही. मूल लंगडत असेल, किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, तर उड्या आणि स्प्रिंट बंद आणि सराव निम्म्यावर. पासिंग, सायकल, पोहणं चालू राहू शकतं. त्याबरोबर मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंची ताकद हळूहळू वाढवायची.

एका प्रसंगी मात्र थांबायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानं जोरात शॉट मारला आणि जांघेच्या वर, कमरेच्या पुढच्या हाडापाशी "कट्" असा आवाज आला, लगेच पाय उचलता येईना, तर ते स्नायू दुखावल्याचं लक्षण असेलच असं नाही. स्नायूनं हाडाचा तुकडाच ओढून काढलेला असू शकतो. एक्स-रेवर ते सहसा दिसतं. मैदानावर याला "मांडी भरली" म्हणतात आणि चोळत बसतात. मला विचाराल तर या वयात सर्वाधिक वेळा चुकवलं जाणारं निदान हेच.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं उंचीची खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. नेदरलँड्समधल्या फुटबॉल अकादमीतल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात, महिन्याला ०.६ सेंटिमीटर किंवा जास्त वेगानं उंची वाढत असताना दुखापतींचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे चौकटीवरच्या खुणांमधलं अंतर वाढायला लागलं की त्या काही महिन्यांत स्पर्धा कमी करायच्या. आठवडाभराचा सराव वाढवायचा तर बिलकूल नाही. याच काळात मुलाचा ताबा थोडा सुटतो. कालपर्यंत सहज घेणारा चेंडू पायातून निसटतो, पाय पायात अडकतो. प्रशिक्षकाला वाटतं मूल आळशी झालं. खरं तर पायाची लांबी बदललेली असते आणि मेंदूला ती अजून सवयीची झालेली नसते.

एक मुलगा, तीन संघ

कोल्हापूरचं उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात फुटबॉल गल्लीबोळातला खेळ असलेलं शहर तेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचना गॅलरी भरते आणि पेठांतल्या मुलांना तालमीच्या जर्सीची ओढ लहानपणापासून लागते. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्यानंतर ही ओढ आणखी वाढली यात आश्चर्य नाही. पण चांगला खेळणारा मुलगा एकाच वेळी शाळेकडून, तालमीच्या लहान गटाकडून आणि एखाद्या अकादमीकडून खेळतो. शिवाय रविवारी सकाळी गल्लीतली मॅच असतेच. तिन्ही ठिकाणच्या सरांना आपापल्या तीन दिवसांचा हिशेब माहीत असतो. सगळा हिशेब फक्त त्या मुलाच्या पायाला माहीत असतो.

मुंबई-पुण्यात चित्र वेगळं, अडचण तीच. इथं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, भाड्यानं मिळतं, रात्री नऊ ते दहा. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री सराव, साडेअकराला झोप. अमेरिकेत लॉस एंजलिसमधल्या शाळकरी खेळाडूंवरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. दहावीच्या वर्षी आठ तास झोपणारं मूल शोधून दाखवा!

किती खेळ पुरे, याला क्रीडावैद्यकात एक ढोबळ मर्यादा सांगतात: आठवड्यातले शिस्तबद्ध सरावाचे आणि मॅचचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला बारा तास, तेही सगळे संघ मिळून. आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातून दोन-तीन महिने या खेळापासून दूर. त्या काळात क्रिकेट, कबड्डी, पोहणं, झाडावर चढणं, काहीही चालेल. लहानपणापासून एकच खेळ बाराही महिने खेळणाऱ्या मुलांना अतिवापराच्या दुखापती जास्त होतात. पालकांना हे सांगितलं की त्यांना मूल मागे पडेल अशी भीती वाटते. मागे पडणाऱ्या मुलांपेक्षा सोळाव्या वर्षी गुडघ्यामुळे खेळ सोडणारी मुलं मला जास्त भेटतात.

वयाच्या गटांचीही एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. चौदा वर्षांखालच्या दोन मुलांच्या जन्मतारखा सारख्या असल्या तरी शरीराच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसरा अजून पाचवीतला वाटतो. त्यात जन्मतारखेचे खोटे दाखले आले की खऱ्या बारा वर्षांच्या पोरावर सोळा वर्षांचा अंगापिंडानं भरलेला गडी धडकतो. हे अन्यायाचं आहेच, धोक्याचंही आहे. फिफानं २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला तो वय लपवणाऱ्यांना पकडायला. इंग्लंडमधल्या काही अकादम्या अधूनमधून मुलांना जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट करून खेळवतात. आपल्याकडचे सर निदान सरावात एकास-एक टक्कर घेताना उंची-वजन बघून जोड्या लावू शकतात. त्याला पैसा लागत नाही.

मुरगळलेला घोटा

सर्वाधिक दिसणारी दुखापत हीच. पाऊल आत वळतं, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट ताणला जातो, पाच मिनिटांत सूज. मग मैदानाबाहेर जे घडतं त्यानं निम्मं नुकसान होतं. कोणीतरी पाय ओढून "बसवतो". घरी गेल्यावर गरम तेलानं चोळलं जातं, शेकलं जातं. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं दोन्ही टाळायचं, कारण आतला रक्तस्राव आणि सूज त्यानं वाढते. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, त्यानं बिघडत नाही. बिघडतं ते रगडण्यानं.

काय करायचं? खेळ तिथंच थांबवा. फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ लावा, थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत आणा, बोटं निळी पडणार नाहीत इतपतच घट्ट. पाय उशीवर उंच ठेवा. बर्फाबद्दल एक खुलासा: त्यानं दुखणं कमी होतं, जखम लवकर भरते असं मात्र सिद्ध झालेलं नाही. १९७८ मध्ये विश्रांती-बर्फ-दाब-उंची हा मंत्र देणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबूही शकतं. त्यामुळे बर्फ पहिल्या दिवशी, दुखण्यापुरता. दोन-तीन दिवसांनी, दुखणं सहन होईल तेवढी हालचाल सुरू करायची.

एक्स-रे कधी? चार पावलंही टाकता येत नसतील तर काढायचा. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या गोल हाडाच्या मागच्या कडेवर बोट ठेवून दाबल्यावर नेमकं हाडावर दुखत असेल तरीही. मूल लहान असेल तर ग्रोथ प्लेटची शंका ठेवूनच बघायला लागतं. पहिला एक्स-रे स्वच्छ आला आणि तरी हाडावर दाबल्यावर दुखतच राहिलं, तर आठवड्यानं पुन्हा दाखवा.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. लिगामेंटमध्ये पायाची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या नसा असतात, त्याही दुखावलेल्या असतात. म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. उपाय स्वस्त आहे. त्या पायावर उभं राहून दात घासायचे, रोज दोन वेळा. जमायला लागलं की डोळे मिटून.

गुडघ्यातला तो आवाज

घोट्याचं दुखणं महिन्याभरात विसरलं जातं. गुडघ्याच्या आतला एसीएल हा लिगामेंट तुटला तर वर्ष जातं, कधी कधी खेळही जातो. गैरसमज असा की जोरदार टॅकलमुळे एसीएल तुटतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कोणाचा धक्का लागलेलाच नसतो. खेळाडू पळत येतो, एक पाय रोवून दिशा बदलतो, गुडघा आत झुकतो, पाऊल जमिनीत अडकलेलं असतं, आणि "टक्" असा आवाज येतो. काही तासांत गुडघा सुजतो.

मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळात मुलांच्या दोन-तीन पट जास्त होते. कारणं अनेक सांगितली जातात. कमरेची रुंदी, संप्रेरकं, आणि माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं, ताकदीच्या सरावाचा अभाव. मुलींच्या संघाला शेवटचा उरलेला तास आणि उरलेलं मैदान मिळतं. बूट मुलांच्या मापाचे. व्यायामाचे सर म्हणतात, मुलींना वजनं कशाला. पंधरा वर्षांची मुलगी स्क्वॉट, म्हणजे नीट उठाबशा, न शिकता स्पर्धेत उतरते. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबई आणि गोव्यातही सामने होते. मुली खेळायला लागल्यात, तयारीची पद्धत अजून तितकी बदललेली नाही.

धोका आधी ओळखण्यासाठी एक चाचणी घरच्या आरशासमोरही करता येते. मुलाला एका पायावर उभं करा आणि हळूहळू खुर्चीवर बसल्यासारखं खाली जायला सांगा. समोरून बघा. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का, की आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे कोसळतो? कोसळत असेल तर कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत आणि त्या मुलाला उडीवरून उतरणं शिकवायची गरज आहे. फक्त या चाचणीवरून कोणाचा एसीएल तुटेल हे सांगता येत नाही, पण काय शिकवायचं ते कळतं.

वीस मिनिटं

आता या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट. बहुतेक मैदानांवर वॉर्म-अप म्हणजे दोन फेऱ्या आणि मग गोल करून उभ्या उभ्या स्ट्रेचिंग, एक ते दहा मोजत. यानं घाम येतो, बाकी फारसं काही होत नाही. खेळाआधी जागच्या जागी केलेल्या स्ट्रेचिंगनं दुखापती कमी होतात याला ठोस आधार नाही.

ज्याला आधार आहे ती पद्धत फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रानं नॉर्वे आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांबरोबर तयार केली. नाव इलेव्हन प्लस. पंधरा व्यायाम, तीन टप्पे, वीस मिनिटं. पहिली आठ मिनिटं हळू धावणं, त्यात जांघ बाहेर उघडणं, आत घेणं, जोडीदाराभोवती फिरणं, हवेत उडी मारून खांद्याला खांदा लावणं. मधली दहा मिनिटं ताकद आणि तोल: प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर शरीर सरळ धरून ठेवणं), कुशीवरचा प्लँक, एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, स्क्वॉट, उड्या. शेवटची दोन मिनिटं वेगानं धावणं आणि पाय रोवून वळणं.

यातला एक व्यायाम जवळून बघण्यासारखा आहे. एक मुलगा गुडघ्यावर उभा, मागे दुसरा त्याचे घोटे घट्ट धरून बसलेला. पहिल्यानं पाठ सरळ ठेवून, कमरेत न वाकता, हळूहळू पुढे झुकायचं, जितकं धरवेल तितकं, आणि शेवटी हातावर पडायचं. याला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग म्हणतात; हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू. पहिल्या दिवशी सगळी मुलं धप्पकन पडतात आणि हसतात. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू इतकी दुखते की जिना उतरवत नाही. म्हणून सुरुवात तीन ते पाच वेळांपासूनच करायची. मोठ्या खेळाडूंमध्ये या एका व्यायामानं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्या होतात.

पुरावा काय? नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या जवळपास १,९०० मुलींवर एका मोसमात ही पद्धत तपासली, निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉर्म-अप करणाऱ्या संघांत दुखापतींचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होता, गंभीर दुखापतींचा जवळपास निम्मा. स्वीडनमध्ये बारा ते सतरा वर्षांच्या साडेचार हजारांहून जास्त मुलींवर अशाच पंधरा मिनिटांच्या, आठवड्यातून दोनदा करायच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला. २०१२ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी होत्या. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी इलेव्हन प्लस किड्स आहे. त्यात खेळीमेळीचे सात व्यायाम, आणि पडताना गडगडून कसं पडायचं हेही शिकवतात, कारण या वयात हात टेकून पडल्यानं मनगटं मोडतात. युरोपातल्या चार देशांत सुमारे ३,९०० मुलांवर हे करून पाहिलं तेव्हा दुखापती जवळपास निम्म्या झाल्या.

हे सगळं फुकट मिळतं, व्हिडिओ इंटरनेटवर आहेत, साहित्य म्हणजे एक चेंडू. तरीही आपल्या मैदानांवर ते क्वचित दिसतं. सर सांगतात, तासातली वीस मिनिटं त्यात गेली तर फुटबॉल कधी शिकवू? प्रश्न खोटा नाही. पण या व्यायामांचा फायदा सातत्यावरच अवलंबून असतो. आठवड्यातून दोन-तीनदा केलं तर होतो, स्पर्धेच्या सकाळी एकदा केलं तर होत नाही. वेळ कमी असेल तर धावण्याचा पहिला टप्पा चेंडूबरोबर घ्या आणि ताकदीचे व्यायाम सरावाच्या शेवटी टाका. एवढी सूट देऊन का होईना, चालू करा. आणि करताना बघा. गुडघा आत कोसळत असताना मोजलेल्या वीस उड्यांपेक्षा नीट उतरलेल्या पाच बऱ्या. उडीवरून उतरण्याचा आवाजही ऐका, धप्प असा आवाज आला तर गुडघे ताठ आहेत.

डोकं

यात तडजोड नाही. डोक्याला डोकं, कोपर किंवा गोलपोस्ट लागल्यावर मूल गोंधळलेलं दिसलं, तेच तेच विचारू लागलं, डोकं दुखतं, गरगरतं, उजेड सहन होत नाही म्हणालं, चालताना तोल गेला, तर ते त्या दिवशी पुन्हा मैदानात जाणार नाही. बेशुद्ध झालं नाही म्हणजे काही झालं नाही, हे चूक आहे. मेंदूला हादरा बसलेली बहुतेक मुलं बेशुद्ध होतच नाहीत. "काय हुत नाय सर, खेळतो की" हे त्याचं उत्तर ग्राह्य धरायचं नाही, कारण निर्णय घेणाऱ्या अवयवालाच मार लागलाय.

उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, वाढती गुंगी, हातापायात बधिरपणा किंवा मान दुखणं यातलं काहीही असेल तर ताबडतोब हॉस्पिटल. मान दुखत असेल तर मुलाला हलवायचंच नाही, रुग्णवाहिका तिथं बोलवायची. बाकी मुलांना पहिले एक-दोन दिवस शांतता, मोबाइल कमीत कमी, मग हळूहळू चालणं-फिरणं. आधी शाळा पूर्ववत, मग खेळ, तोही पायरी-पायरीनं आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हौशी खेळाडूंनी स्पर्धेत परतायला निदान एकवीस दिवस जाऊ द्यायचे आहेत. पहिला हादरा पुरता बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. हे दुर्मीळ आहे, पण होतं ते मुख्यतः तरुण मुलांमध्येच.

हेडिंगचं, म्हणजे डोक्यानं चेंडू मारण्याचं, काय? अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं आणि अकरा ते तेरा वयात सरावातलं प्रमाण मर्यादित केलं. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग घेत नाहीत. आपण वाट कशाला बघायची? दहा वर्षांच्या मुलाला हेडर शिकवून कुठली मॅच जिंकायची आहे!

बूट आणि बाकी

बूट वाढत्या मापाचे घ्यायची आपली सवय फुटबॉलमध्ये महागात पडते. ढिल्या बुटात पाऊल आत सरकतं, घोटा मुरगळतो, नखं काळी पडतात. पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा, त्याहून जास्त नको. लांब स्टडचे बूट कृत्रिम टर्फवर घालू नयेत, स्टड अडकतो आणि फिरतो तो गुडघा. त्यासाठी बारीक रबरी टोकांचे टर्फ शूज मिळतात. कडक लाल मातीवर टाचेत कुशन असलेले बूट बरे. नडगीवर बांधायचे शिनगार्ड नियमानं सक्तीचे आहेत, पण हल्ली मोठ्या खेळाडूंचं बघून मुलं काडेपेटीएवढे शिनगार्ड मोज्यात खोचतात. नडगी झाकली गेली पाहिजे.

सुटे, जमिनीत न रोवलेले गोलपोस्ट वाळूच्या पोत्यांनी किंवा खुंट्यांनी बांधलेच पाहिजेत, आणि क्रॉसबारला लोंबकळू द्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी सराव नको. वीस-वीस मिनिटांनी पाणी, आणि पाणी मागणाऱ्याला "दमला का रे" म्हणणाऱ्या सरांना समज. वळवाच्या पावसात वीज कडाडली तर मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे न्या, बऱ्याचदा पुन्हा बसवता येतो.

परत मैदानावर कधी, हा प्रश्न पालक डॉक्टरांना तारखेच्या रूपात विचारतात. तारखेपेक्षा कसोट्या विचारा. घोट्यासाठी: दुखऱ्या पायावर दहा उड्या न दुखता होतात का, पूर्ण वेगात धावता येतं का, आठचा आकडा काढत वळता येतं का, आणि मग दोन-तीन पूर्ण सराव टक्कर घेत पार पडले का. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने, आणि दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाल्याशिवाय नाहीच. शस्त्रक्रिया होऊन पुन्हा असे खेळ खेळू लागलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंपैकी जवळपास प्रत्येक चौथ्याला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात तीच दुखापत पुन्हा होते. मुलाची वाढ चालू असेल तर शस्त्रक्रिया ग्रोथ प्लेट सांभाळून करावी लागते, म्हणून ती मुलांचे गुडघे नेहमी बघणाऱ्या सर्जनकडे करून घ्या. आणि सरांना डॉक्टरांची चिठ्ठी नुसती दाखवू नका, त्यांच्या हातात द्या. तिच्यावर कुठले व्यायाम चालतील आणि कुठले बंद, हे लिहून घेतलेलं असू द्या.